उजव्या कानातला इअरफोन सारखा निसटतो, बेस गायब होतो: इअरफोन बदलू नका, आधी त्याच्या टोकाचं रबर पाहा

एका कानातलं टिकून राहतं आणि दुसऱ्या कानातलं दर दहा मिनिटाला बाहेर येतं, आवाज येतो पण त्यात दम नसतो, गाणं टिनाच्या डब्यातून वाजल्यासारखं वाटतं, असं ज्याचं ज्याचं होऊन राहिलं आहे त्यांच्यासाठी लिहितो. थोडं लांबलं आहे, पण या भानगडीत माझी दोन वर्षं आणि चार इअरफोन गेले, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं वावर वरुडकडे. संत्रा आहे, मोकळ्या पट्ट्यात गहू-हरभरा. पंपाची लाइन एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, म्हणजे ऐन थंडीत रात्री बारा वाजता मोटर चालू करायची आणि पहाटपर्यंत पाण्यात उभं राहायचं. तिथं सोबतीला कोण, तर मोबाइल. कधी भजन, कधी जुनी गाणी, कधी नुसती गप्पांची रेकॉर्डिंग. आणि दांड फोडायला फावडं घेऊन वाकलो रे वाकलो की उजव्या कानातलं सुटलंच. दोन्ही हात चिखलाचे, मग मनगटाच्या मागच्या बाजूनं नाहीतर खांद्यानं ढकलून ते परत बसवायचं, ते तिरपं बसायचं, दोन मिनिटांनी परत छातीवर लोंबकळत. डावं मात्र खिळा ठोकल्यासारखं जागेवर. एका रात्री चिडून मोजलं, गव्हाचं एक वाफं भरेपर्यंत चौदा वेळा उजवं बसवलं होतं.

साहजिक आहे, मी इअरफोनलाच शिव्या दिल्या. पहिला बदलला, दुसरा घेतला, तेच. तिसरा जरा महागाचा घेतला, तेच. दुकानदार म्हणे याची गॅरंटी नसते भाऊ, वापरायची पद्धत चुकते तुमची. चौथा आला तोवर घरात चेष्टा सुरू झाली होती.

खरी गोष्ट कळली ती दुपट्ट्यामुळे. मे महिन्यात आपल्याकडे डोक्याला-कानाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, मीही गच्च बांधायचो, आणि त्या महिनाभर त्याच इअरफोनचा बेस असा वाजायचा की मी लोकांना सांगत फिरलो, एक नंबर घेतला बावा या वेळी. पाऊस लागला, दुपट्टा सुटला, बेस गेला. मला वाटलं ओल गेली आत. दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. काही फरक नाही. मग एक दिवस एसटीची वाट पाहत बसलो होतो, दोन्ही कानांवर सहज बोटं दाबली, आणि ढोलकी एकदम आत आल्यासारखी वाजली. बोटं काढली, ढोलकी गेली. परत दाबली, परत आली. दुपट्टा महिनाभर हेच काम करत होता, इअरफोनला कानात दाबून धरायचं. इअरफोन चांगलाच होता. कान आणि रबर यांच्यात फट होती, बस.

तर पहिली तपासणी हीच. ज्या गाण्यात ढोल, ढोलकी, तबल्याचा डग्गा आहे असं गाणं लावा, दोन्ही बाजू बोटानं हलकेच आत दाबा. बेस वाढला तर तुमचा प्रश्न रबराचा आहे, वायरचा नाही, मोबाइलचा नाही, आणि इक्वलायझरमध्ये बेसची दांडी वर सरकवून तो सुटणार नाही. फक्त दाबताना एक पाहा, बऱ्याच इअरफोनच्या बुडावर सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, ते हवेसाठी असतं, त्यावर बोट आलं तर आवाज वेगळ्याच कारणानं बदलतो आणि तपासणी फसते. कडेनं दाबा. ज्यांना अजून पक्कं करायचं आहे त्यांनी टोन वाजवणारं कुठलंही फुकट अॅप घेऊन ४० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खर्जातला सूर लावावा, आवाज कमी ठेवून. तो नीट बसलेल्या कानात घुमल्यासारखा भरून येतो, फट असली तर जवळपास ऐकूच येत नाही. सूर चालू ठेवून मान हलवा, तोंड उघडा, काहीतरी चावा. कुठल्या हालचालीला सूर पडतो ते लगेच सापडतं.

फटीनं फक्त बेसच का जातो, गाण्याचे शब्द तर ऐकू येतात की? हे आमच्या भाच्यानं विचारलं, तो इंजिनिअरिंगला आहे तरी. त्याला म्हटलं विहिरीवर चल. सक्शनच्या पाइपला बारीक चीर पडली की मोटर फिरते, आवाज करते, पण पाणी उचलत नाही, कारण ती हवा घेते. इअरफोनचंही तसंच आहे. त्यातला पडदा नखाएवढा, तो खोलीतली हवा काय हलवणार, तो फक्त कानाच्या बंद नळीतली चिमूटभर हवा दाबतो आणि सोडतो. बेसचा सूर सावकाश दाबतो सावकाश सोडतो, तेवढ्या वेळात फटीतून दाब निघून जातो. बारीक, तीक्ष्ण आवाज इतके भरभर हलतात की त्यांना निसटायला वेळच मिळत नाही. म्हणून फटीच्या इअरफोनमध्ये झांजा राहतात आणि मृदंग जातो. भाचा म्हणे, "मामा, हे आमाले सरांनी असं काहून नाई सांगतलं?"

आता माप. इथंच सगळे फसतात, मीही फसलो. इअरफोनसोबत तीन जोड रबरं येतात, लहान, मधलं, मोठं. मधलं कंपनीनं चढवूनच दिलेलं असतं, बाकीची दोन आपण पिशवीसकट फेकतो नाहीतर पोरं खेळतात. निसटलं की माणूस म्हणतो ढिलं होतं, मोठं लावा. मी मोठं लावलं. दोन तासांत कान ठणकायला लागला आणि निसटणं तर वाढलंच. कारण कानाची नळी सरळ नाही. मोठ्या माणसाची ती सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि वाकडी, नागमोडी. मोठं रबर पहिल्या वळणापर्यंत जातच नाही, तोंडाशीच दाबून बसतं, आणि हे रबर असतं सिलिकॉनचं, दाबलं की उसळतं, मग प्रत्येक बोलण्याला, प्रत्येक घोटाला ते स्वतःला थोडं थोडं बाहेर ढकलतं. निसटायची एक चाल लक्षात ठेवा, घातल्या घातल्या पडत असेल तर बहुधा लहान आहे, आणि आधी नीट बसून मग गोगलगायीसारखं हळूहळू बाहेर येत असेल तर बहुधा मोठं आहे. दोन्हीला आपण "निसटतं" एवढंच म्हणतो.

मला हे कळलं ते अपघातानं. भाचीनं मधल्या मापाचं एक रबर हरवलं, डबीत फक्त लहान उरलं होतं, रात्रीची लाइन यायची वेळ झालेली, म्हटलं चला आज लहानच. ते सरकन आत गेलं, वळणाच्या पुढं, आणि सगळं जग बंद झाल्यासारखा आवाज आला. दांडावर वाकलो, पडलं नाही. रात्रभर पडलं नाही. मी अक्षरशः एकटा हसलो वावरात.

मग डाव्या कानालाही लहान लावलं. ते ढिलं झालं, बेस गेला. म्हणजे माझा डावा कान मधल्या मापाचा आणि उजवा लहान. यात काही रोग नाही, बऱ्याच लोकांचे दोन कान सारखे नसतात, जसा एक पाय चपलेत घट्ट बसतो. पण दोन कानांना दोन मापं लावायची असतात हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि आपल्या मनातही येत नाही कारण जोड म्हटली की जोडीनंच लावायची अशी सवय. माझं ऐकाल तर आजच उजव्या-डाव्याची वेगवेगळी परीक्षा घ्या, एका वेळी एकच कान.

घालायची पद्धतही बोलून टाकतो, कारण योग्य माप असून चुकीचं घातलं तर तेच होतं. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या, कानाची वरची पाळी धरून वर आणि मागं ओढा, त्यानं नळी सरळ होते. तोंड थोडं उघडा, उजव्या हातानं इअरफोन पिळत पिळत आत घाला, मग कान सोडा. नळी त्याच्यावर मिटते. बसस्टँडवर हे करताना लोक पाहतात, पाहू द्या. काढतानाही पिळूनच, हळू, आधी हवा सुटू द्यायची. गच्च बसलेला इअरफोन हिसकला तर कानाच्या पडद्याला ओढ बसते. घालताना आत कर्र-कट् असा बारीक आवाज आला तर घाबरू नका, तो हवेच्या दाबानं इअरफोनचा स्वतःचा पडदा लवल्याचा आवाज असतो, हळू घातलं की कमी होतो.

वायरचा इअरफोन असेल तर वायर कानाच्या मागून वरून आणा. खाली लोंबणारी वायर प्रत्येक पावलाला रबर ओढते, आणि शर्टाला घासली की खरखर थेट कानात येते. वायर शर्टाच्या आतून घेतली तर अजून बरं, तुरीत शिरलं की फांद्या वायर ओढतात.

आता खर्रा, म्हणजे आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटलेला माल. हसू नका, हा खरा तांत्रिक मुद्दा आहे. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून आहे. कानात करंगळी घालून तोंड उघडा-मिटा करून पाहा, नळी आकार बदलते हे बोटाला कळतं. मी खर्रा खातो, उजव्या दाढेखाली धरतो, आणि तासनतास जबडा चालूच. लहान रबर लावूनही खर्रा तोंडात असला की उजवीकडचा बेस येऊन-जाऊन करायचा. मोठा भाऊ म्हणाला, "अबे, खर्रा सोड, इअरफोन कायले दोष देतं!" बरोबरच आहे त्याचं, पण फोनवर बोलताना, जेवताना, गुणगुणताना जबडा हलणारच. म्हणून रबराची परीक्षा तोंड बंद ठेवून, शांत बसून करू नका. चावताना टिकतं तेच खरं माप.

याच्यासाठी मला लहान आणि मधलं यांच्या मधलं काहीतरी पाहिजे होतं. आणि ते मिळतं. फायनल नावाची जपानी कंपनी रबरं पाच मापांत देते, अतिलहान ते अतिमोठं. काही कंपन्या अर्धी मापंही काढतात, एस आणि एमच्या मध्ये एमएस, एम आणि एलच्या मध्ये एमएल. स्पिनफिट म्हणून एक येतं, त्याची टोपी दांडीवर थोडी फिरते-वाकते, म्हणजे वाकड्या नळीत ती स्वतः वळण घेते. हे सगळं ऑनलाइन मिळतं, महाग आहे, आणि माझ्यासारख्यानं एकदम हे घेऊ नये. आधी नागपुरात बर्डीवर किंवा अमरावतीत मोबाइल अॅक्सेसरीच्या गल्लीत सुटी रबरं विचारा. मी वीस रुपयांना जोड अशी पाच-सहा प्रकारची आणली, त्यातूनच मला कळलं की मला नेमकं काय पाहिजे, आणि मगच महागाची एक जोड मागवली. एका कंपनीचं एम दुसऱ्या कंपनीचं एम नसतं हे पण तिथंच कळलं.

विकत घेताना दोन मापं असतात हे विसरू नका. एक बाहेरचं, कानासाठी. दुसरं आतलं, इअरफोनच्या नोझलसाठी. फवारणीच्या पंपासारखंच याचंही नोझल असतं, ज्यावर रबर चढतं, आणि ते सगळ्यांचं सारखं नसतं, बहुतेक चार ते साडेसहा मिलिमीटरच्या दरम्यान. माझी मोटर तेव्हा वाइंडिंगला टाकलेली होती, वाइंडिंगवाल्याकडं व्हर्नियर होतं, त्याला म्हटलं हे मोजून द्या. त्यानं आधी रबरच मोजायला घेतलं, मग स्वतःच म्हणाला, "हे नरम हाये भौ, दाबून मोजशीन तर कितीबी येते, दांडी मोजू." नोझल निघालं साडेपाच. सिलिकॉन ताणतं, म्हणून आतलं छिद्र नोझलपेक्षा थोडं लहानच पाहिजे, चढवताना जरा जोर लागला पाहिजे. सहज चढलं तर सहज उतरेल, आणि उतरेल ते कानात.

ते माझं झालेलं आहे. स्वस्तातलं एक रबर ढिलं होतं, सकाळी इअरफोन ओढला तर नुसती धातूची दांडी बाहेर, रबर कानात. घरी सांगितलं तर काका सेफ्टीपिन घेऊन आले, आई म्हणे तेल सोडू, आपोआप घसरते. दोघांनाही हात जोडले. पिन, काडी, कापसाची काडी काहीच घालू नका, रबर आत सरकतं. कड बाहेर दिसत असेल आणि बोटाच्या चिमटीत येत असेल तरच काढा, नाहीतर सरळ कानाच्या डॉक्टरकडं. मी तालुक्याला गेलो, डॉक्टरीणबाईंनी उजेड पाडून चिमट्यानं अर्ध्या मिनिटात काढलं आणि म्हणाल्या, इअरफोनचं की वाटाणा? लहान पोरांचे वाटाणे जास्त निघतात म्हणे.

ढिल्या रबरावर एक गावठी इलाज चालतो, पाइप फिटिंगची पांढरी टेफ्लॉन टेप. नोझलवर एक-दीड वेढा, जाळी न झाकता, मग रबर चढवा, घट्ट होतं. ठिबकचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरात ती असतेच. चिकटपट्टी किंवा फेविक्विक मात्र नको, पुढं रबर बदलताच येत नाही.

आकारावरून आवाजाचं थोडं. रबराचं पुढचं छिद्र रुंद असलं तर आवाज मोकळा, झांज-टाळ जास्त चमकतात. छिद्र बारीक असलं तर ती चमक थोडी दबते, बेस पुढं आल्यासारखा वाटतो. आणि किती खोल बसतं त्यावरही तीक्ष्ण आवाजातली एक विशिष्ट जागा पुढं-मागं होते, म्हणून तोच इअरफोन एका रबरावर टोचतो आणि दुसऱ्यावर गोड लागतो. ज्यांना "स" आणि "श" कानात टोचतात त्यांनी इअरफोन विकायच्या आधी बारीक छिद्राचं रबर नाहीतर फोम लावून पाहावं. मला स्वतःला भजनात टाळ स्पष्ट पाहिजे, मी रुंद छिद्राचा माणूस आहे.

फोम म्हणजे स्पंजासारखं रबर, बोटांत दाबून बारीक करायचं, कानात घालून वीस-तीस सेकंद धरून ठेवायचं, मग ते आत फुगून नळीचा आकार घेतं. वाकड्या कानांना यासारखं बसणारं दुसरं नाही, जबडा हलवला तरी फारसं सुटत नाही. मग मी तेच का नाही लावलं? एक, थंडीत रात्री ते कडक होतं, मुठीत धरून ऊब द्यावी लागते तेव्हा दबतं, आणि चिखलाच्या हातानं ते दाबायचं कुठून. दोन, घाम आणि मळ शोषतं, सिलिकॉनसारखं साबणानं धुता येत नाही, काही महिन्यांत झिजून फुगायचं बंद होतं, परत पैसे. तीन, चमक खातं. आणि एका कानात फोम, एका कानात सिलिकॉन असं केलं तर दोन बाजूंचा आवाज वेगळा लागतो, मी आठवडाभर केलं, डावीकडं गायक जवळ उभा आणि उजवीकडं दाराआड. ज्यांना बसल्या जागी ऐकायचं आहे, प्रवासात, अभ्यासात, त्यांच्यासाठी फोम झकास आहे.

दोन-तीन मजल्यांचं, एकावर एक छत्र्या असलेलं रबरही मिळतं. ते खोल जातं आणि बाहेरचा आवाज फार अडवतं. मला ते कानात काहीतरी राहत आहे असं सारखं वाटायचं, काढून टाकलं. तुमची नळी लांब-अरुंद असेल तर तुम्हाला जमेल.

काही वेळा रबराचा दोष नसतो तेही पाहून घ्या. एका बाजूचा आवाजच कमी, बेस-ट्रेबल सगळंच कमी, तर रबर काढून नोझलच्या तोंडाची जाळी उजेडात धरा. मळानं पिवळी बुजलेली असते. नोझल खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, म्हणजे मळ खाली पडतो, आत जात नाही. सुई घातली की जाळी फाटली. जाळी साफ असूनही एक बाजू कमी असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या (अॅक्सेसिबिलिटी) भागात डावी-उजवी बॅलन्सची दांडी असते, ती मधोमध आहे का पाहा. माझ्या एका दोस्तानं नवीन इअरफोन घेतला आणि मग कळलं दांडी पोरानं सरकवलेली होती.

बिनवायरच्या बडवाल्यांना एक वेगळी अडचण. बाहेरून घेतलेलं रबर उंच असलं तर डबीचं झाकण नीट लागत नाही, किंवा लागतं पण बड चार्जिंगच्या पिनांवर टेकत नाही, सकाळी एक बाजू मेलेली. त्यांच्यासाठी बुटकी रबरं वेगळी येतात, आणि काहींचं नोझल गोल नसून अंडाकृती असतं, त्यावर गोल रबर तिरपं बसतं. काही महाग बडच्या अॅपमध्ये रबर नीट बसलं का याची चाचणीच असते, ॲपलनं २०१९ मध्ये एअरपॉड्स प्रोमध्ये दिली होती. ज्यांच्याकडं नाही त्यांना ४० हर्ट्झचा सूर आहेच.

आवाज किती ठेवायचा हे सांगणारा मी कोणी नाही, पण फटीचा याच्याशी संबंध आहे. बेस पुरत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वाढतो तो सगळाच, टोचणारा आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. रात्रपाळीच्या एका आठवड्यातच माझे ४० तास होतात. रबर नीट बसल्यापासून मी आवाज पंधरापैकी सात-आठवर ऐकतो, आधी बारा-तेरावर असायचो.

पण नीट बसलेलं रबर वावरात धोक्याचंही आहे, आणि हे कुठल्या दुकानदाराच्या डोक्यात येणार नाही. हरभऱ्याच्या जागलीला गेलो होतो, दोन्ही कानात नवं रबर, मोटरचा आवाजसुद्धा ऐकू येईना. बॅटरी सहज फिरवली तर दहा पावलांवर रानडुकरांचा कळप, खुशाल चरत. फट होती तेव्हा निदान त्यांची कचकच ऐकू यायची. तेव्हापासून जागलीला आणि ओलिताला एकच कान, आणि तो उजवा, कारण त्याच्यावर इतका खर्च केला आहे. एका कानानं ऐकायचं तर मोबाइलच्या त्याच सुलभतेच्या सेटिंगमध्ये मोनो चालू करा, नाहीतर अर्धी वाद्यं दुसऱ्या कानात राहून जातात. ट्रॅक्टरवर, रस्त्यानं सायकलवर दोन्ही कान बंद करू नका, मागून येणारा ट्रक डिजेमध्ये मिसळून जातो. आणि फवारणीच्या दिवशी तर इअरफोन घरीच. औषधाच्या हातानं रबर दाबायचं आणि ते कानात घालायचं, यवतमाळकडं २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते पाहिल्यावरही असं करणारे लोक आहेत.

धुण्याचं काम सोपं आहे. आठवड्यातून एकदा रबर काढा, कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचे दोन थेंब, बोटानं आतून-बाहेरून चोळा, फडक्यावर पूर्ण वाळू द्या, मग चढवा. ओलं चढवलं तर ओल नोझलच्या जाळीत जाते. पावसाळ्यात कान सारखा खाजवत असेल तर रबराला दोष देऊन नवं घेऊ नका, ओल्या बंद कानात बुरशी होते, दाखवून या आणि तोवर इअरफोन बंद ठेवा. कानात तेल सोडायची सवय असेल तर त्या दिवशी सिलिकॉन टिकणारच नाही, साबणाच्या वडीसारखं घसरतं. खर्रा आपण एकमेकांत वाटून खातो तसा इअरफोन वाटू नका.

सध्या माझ्या डाव्या कानात एम, उजव्यात एमएस, दोन्ही रुंद छिद्राची. इअरफोन तोच चौथा. उरलेली रबरं चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवतो, एकदा सालदारानं चुना समजून बोट घातलं होतं. भावाच्या सांगण्यावरून खर्रा आता डाव्या दाढेखाली धरून पाहिला, उजवं टिकावं म्हणून. काही उपयोग नाही, दाढ कुठलीही असो, जबडा दोन्हीकडून हलतो.